कोपराच्या आतला हात

आमच्या गल्लीत कौसाबाईला बेशरम म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण तिच्या हातात बहुतेक वेळा हातोडी असायची. पण पाणी भरताना, पापड लाटताना विषय निघाला की बायका ओठ मुडपून एवढंच म्हणत, "भटू लोहारनी बेशरम वहू." लग्नाच्या घरी तिला मागच्या ओळीत बसवत. कारण काय, तर विधवा बाई, आणि सासऱ्यासमोर उघड्या तोंडानं बसते, त्याच्याकडे बघून बोलते, तेही रस्त्यावरच्या ओट्यावर. मी लहानपणापासून हे ऐकत आले आणि लहानपणापासूनच मला या बायकांचा राग येतो. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरच्या पन्हाळी कौसाबाईच्या हातच्या होत्या. पाऊस आला की तिचं नाव कुणी काढत नसे, वऱ्हाड आलं की मात्र सगळ्यांना तिची लाज आठवायची.

तिची खरी हकीगत माझ्या आईला ठाऊक होती. आई, अनुसयाबाई, तिच्या भिंतीला भिंत लावून राहिली. कौसाबाई जे कुणाजवळ बोलली नाही ते आईजवळ बोलली आणि आईनं मला सांगितलं. मी सांगताना कुठं तिखट लागलं तर ते माझं समजावं. कौसाबाईच्या बोलण्यात तिखट नव्हतं.

भटूचं घर मूळचं फाळ-विळ्यांचं. नंदुरबारला रेल्वे आली, तिच्यामागे जिनिंगचे कारखाने आले, त्यांच्यामागे पत्रा आला, आणि भटूनं भाता बाजूला सारून कातर हातात घेतली. पन्हाळी, नरसाळी, तेलाचे डबे, धुराचे पाइप, जे म्हणाल ते तो करी. पण नाव होतं ते कोपरासाठी. सरळ पाइप काय, कुणीही पत्रा ओंडक्यावर वळवून त्याला शिवण मारील. पाइपाला वळण द्यायचं म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळे. अख्खा पाइप वाकवायला जावं तर तो पोटात चेपतो. म्हणून त्याच्या कळ्या कापायच्या, घागऱ्याला असतात तशा, पाठीकडे रुंद आणि पोटाकडे अरुंद. एकेक कळी गोल करायची, तिची कड ऐरणीवर बाहेरच्या अंगाला मोडायची, आणि पुढच्या कळीची कड तिच्यावर दुमडून ठोकायची. सगळ्या कळ्या नीट बसल्या की पाइप माणसाच्या कोपरासारखा वळतो, आणि म्हणूनच त्याला कोपर म्हणत.

यासाठी त्याच्याकडे हत्यारं थोडीच होती. हातभर लांब कातर, तिची एक मूठ खुंटात रोवलेली. कळीचा आकार आखायला चामड्याचा एक नमुना, हाताळून हाताळून काळा पडलेला. चिंचेच्या लाकडाची मोगरी, कारण लोखंडी हातोडीनं पत्र्याला खड्डे पडतात. आजोबाच्या वेळची ऐरण, एका टोकाला बैलाच्या शिंगासारखी निमुळती, बाभळीच्या ठोकळ्यात बसवलेली. आणि शेवटचा गोटा. गोटा म्हणजे मुठीत मावेल असा लोखंडाचा गुळगुळीत गोळा. शिवण बाहेरून ठोकताना आतून कुणीतरी तो टेकवून धरावा लागतो, नाहीतर पत्रा आत खचतो. आणि कोपराच्या वळणात पुरुषाचा दंड जात नाही. म्हणजे सगळ्या हत्यारांत गोटा तेवढा भटूला वापरता येत नसे. त्याला बाईचा हात लागे.

आधी तो हात त्याच्या बायकोचा होता, धनुबाईचा. ती गेली आणि तिच्या जागी सून बसली.

आता सून सासऱ्यासमोर कशी बसते? आमच्याकडे तेव्हा सासऱ्याची लाज म्हणजे लाजच होती. सुनेनं त्याच्यासमोर तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी शब्द बोलायचा नाही. काही सांगायचं झालं तर सासूकडून, पोराकडून, कुणीच नसलं तर भांडं आपटून. कौसाबाई छातीपर्यंत पदर ओढून ओट्यावर बसे, खांद्यापर्यंत हात पाइपात घाली आणि आत गोटा धरी. तिला पदराआडून बाहेरचं धड दिसत नसे. भटूला आतलं काही दिसत नसे. दोघांमध्ये पत्रा. बोलणं सगळं ठोक्यांचं. त्याचा एक ठोका म्हणजे इथं धर, दोन म्हणजे पुढं सरक. तिनं आतून गोट्यानं तीनदा वाजवलं म्हणजे थांबा. या बोलीवर त्या दोघांनी कितीतरी पाइप केले, आणि आई म्हणायची की नवरा-बायकोचंही इतकं जुळत नाही.

भटू माणूस म्हणून कुणाला आवडत नसे. मागून हाक मारली तर वळून बघत नसे. समोर उभं राहून बोललं तर इतका टक लावून तोंडाकडे बघे की बोलणाराच अडखळे. कधी उत्तर देई, कधी भलतंच देई, कधी नुसता कामाला लागे. लोक म्हणत, हाताला कसब आलं की मानेला ताठा येतो. धनुबाई होती तोवर गिऱ्हाइकाशी तीच बोले. ती गेल्यावर त्याचा ताठा आणखी वाढला असं सगळ्यांना वाटलं.

त्याच्या पोरालाही तेच वाटलं. दोधू हा त्याचा एकुलता एक, कौसाबाईचा नवरा. तो बापाजवळ मोगरी मारायला शिकला, पण त्याचं मन इंजिनात. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये बॉयलर काढून नवं ऑइल इंजिन बसवलं होतं आणि तिथं तेल घालायला माणूस हवा होता. दोधूनं बापाला विचारलं. बाप वाकून काम करत होता, त्यानं मान वर केली नाही. दोधूनं पुन्हा विचारलं, मग मोठ्यानं विचारलं, आणि शेवटी चिडून हातातली लोखंडी हातोडी फेकली. ती ऐरणीच्या निमुळत्या टोकावर बसली आणि टोकाची कपची उडाली.

भटूनं ती हातोडी उचलली, जागेवर ठेवली, आणि त्या दिवसापासून पोराशी बोलणं बंद केलं. एका घरात राहायचे, एका चुलीवरचं खायचे, पण शब्द नाही. ऐरणीवर पडलेली खोक कानस घेऊन घासली असती तर घटकाभराचं काम होतं. भटूनं घासली नाही. तो एकदाच म्हणाला की ज्यानं पाडली त्यानंच येऊन घासावी. दोधूनंही हट्ट धरला, आणि बापाच्या उत्तराची वाट न बघता जिनिंगात तेल घालायला लागला. असल्या हट्टाला आमच्याकडे पाणीदारपणा म्हणतात, मी त्याला आडमुठेपणा म्हणते. खोक तशीच राहिली, नखाएवढी, काळ्या लोखंडात पांढरी चमकणारी.

पुढच्या हंगामाला जिनिंगकडून काम आलं. इंजिनाचा धूर सोडणारा पाइप मागच्या भिंतीतून सरळ बाहेर जात होता, आणि तिथं आता कापसाची नवी शेड बांधली होती. जळत्या धुराचं तोंड कापसावर कोण ठेवील? तेव्हा पाइप इंजिनखोलीतच कोपर घालून वर वळवायचा आणि छपरातून काढायचा असं ठरलं. जाड काळा पत्रा आला. हे कोपर बसणार होतं बरोबर दोधूच्या बाकाच्या वर. दोधूनंच ते जेवताना बायकोला सांगितलं, मोठ्या कौतुकानं. बापाच्या हातची वस्तू डोक्यावर राहील, म्हणाला. बापाशी बोलत नव्हता, तरी हे बोलला.

कोपर आकाराला येत होतं. पोटाकडच्या अरुंद वळणाची कड मोडायला ऐरणीचं निमुळतंच टोक लागतं, आणि खोक तिथंच होती. पातळ पत्र्यावर तिनं फार काही केलं नव्हतं. जाड पत्र्याला मोगरीही जोराची लागते. कौसाबाईनं दुसऱ्या शिवणीला गोटा सरकवला आणि तिच्या मधल्या बोटाला कोपराच्या पोटाकडे काहीतरी बोचलं. तिनं बोट फिरवलं. केसासारखी चीर होती. पहिल्या शिवणीकडे हात नेला, तिथंही त्याच जागी तीच चीर. बाहेरून काहीच दिसणार नव्हतं, कारण पुढच्या कळीची कड तिच्यावर दुमडलेली. ती चीर फक्त आतल्या हाताला कळत होती.

तिनं गोट्यानं तीनदा वाजवलं. भटू लगेच थांबला. त्यानं कोपर चहूबाजूंनी फिरवून पाहिलं, शिवणीवरून अंगठा नेला, सगळं नीट होतं. मग त्यानं पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. हात भरून आला असेल, असं त्याला वाटलं. तीन ठोके म्हणजे थांबा, पण कशासाठी थांबा, ते सांगणारा ठोका त्यांच्या बोलीत नव्हता. तिनं पुन्हा तीनदा वाजवलं. तो पुन्हा थांबला, या वेळी बराच वेळ, आणि सावलीला सरकून बसायची तिला खूण केली. असा माणूस होता तो. मला त्याचा राग येतो आणि हे आठवलं की राग टिकत नाही.

सगळ्या शिवणी झाल्या तेव्हा प्रत्येकीच्या पोटात एक चीर होती. त्या दिवशी संध्याकाळी तिनं नवऱ्याला वाढता वाढता सांगितलं, "कोपरमा चीर शे. मन्हा बोटले लागनी. तुम्ही आबाले सांगा."

दोधूचा घास हातात राहिला. पण तो बापाचाच पोर. त्यानं आधी हसण्यावारी नेलं, की बाईच्या बोटाला पत्र्यातलं काय कळतं. मग म्हणाला की बापाच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नाही, आणि मी तोंड उघडायचं ते नाव ठेवायला? त्याला वाटेल मी सूड घेतो. वर तिचीच समजूत घातली, की मी चिकणमाती लिंपून घेईन, इंजिनखोलीत माती काय कमी आहे. कौसाबाई उष्टं काढायला उठली. चिरेतून ठिणगी गळायला किती जागा लागते, हे तिला लोहाराच्या घरात राहून ठाऊक होतं.

आई म्हणायची, मी असते तर कोपर उचलून विहिरीत टाकलं असतं. दुसऱ्याच्या विहिरीबद्दल असं बोलणं सोपं असतं. कौसाबाईनं त्याहून अवघड गोष्ट करायची ठरवली. ती सासऱ्याशी बोलणार होती.

कोपर न्यायला जिनिंगची बैलगाडी आली. गाडीवान जालमसिंग बैलांना पाणी पाजायला हाळावर गेला आणि ओट्यापाशी भटू एकटा राहिला, वाकून कोपराला सुतळी बांधत. कौसाबाई घरातून आली, त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहिली. पदर छातीपर्यंत होता. तो बाजूला करायचं तिच्या मनातही आलं नाही. शब्द काढणं हेच इतकं मोठं पाप होतं की एका वेळी एकच होणार.  तरी ती बोलली, स्पष्ट बोलली. "आबा, कोपर फाटेल शे. देऊ नका."

भटूनं मान वर केली. क्षणभर तिच्या पदराकडे टक लावून पाहिलं. मग मान खाली घालून सुतळीची गाठ आवळली. जालमसिंग बैल घेऊन आला, गाडी जुंपली, कोपर गेलं.

कौसाबाई घरात येऊन चुलीपुढे बसली. त्याला कळलं, त्यानं पाहिलं, आणि तरी त्यानं गाठ बांधली. पुढचे कितीतरी दिवस ती याच्यापुढं विचार करू शकली नाही.

इंजिन आमच्या गल्लीत ऐकू यायचं. सकाळी सुरू झालं की दिवसभर धुक् धुक् धुक् चाललेलं. लोकांना त्याची सवय झाली होती, पीठ मळताना कुणी ते ऐकत नसे. कौसाबाई ऐकायची. मध्येच कधी पट्टा उतरला, इंजिन थांबलं, की ती हातातलं सोडून दारात येऊन उभी राहायची आणि पुन्हा धुक् धुक् सुरू होईपर्यंत आत जात नसे. आई तिला विचारी, काय गं? ती म्हणे, काही नाही.

दोधू माती लिंपत होता. संध्याकाळी येऊन सांगे की टिकून आहे. माती तापली की वाळे, वाळली की गळे, गळली की तो पुन्हा लिंपे. काही दिवसांनी सांगणं बंद झालं. हंगाम भरात आला होता, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यावर उभ्या राहायच्या, आणि चालत्या इंजिनावर चढून माती कोण लावत बसणार.

मग त्याच्या सदऱ्यावर भोकं दिसू लागली. धुताना तिच्या लक्षात आलं, उजव्या खांद्यावर टाचणीनं टोचल्यासारखी दोन बारीक भोकं, कडेनं तपकिरी. पुढच्या धुण्याला ती वाढली. मग पाठीवर आली. तिनं ती रफू केली, आणि रफूच्या शेजारी नवी पडली. दोधूला विचारलं तर तो म्हणाला, इंजिनखोलीत असं चालायचंच. केसांतून हात फिरवला तर त्यालाही जळका वास. तो निजला की ती त्याच्या खांद्याकडे बघत बसे.

तिला घरात भीती वाटू लागली, आणि भीती इंजिनाची नव्हती, सासऱ्याची होती. हा माणूस पोराशी बोलत नाही. याला सांगितलं कोपर फाटलं आहे, याला ठाऊक आहे त्याखाली कोण बसतं, आणि यानं गाठ आवळली. ती त्याला वाढायची तेव्हा त्याच्या हातांकडे बघायची. ते हात भाकरी मोडत, ताक ओतून घेत, कुठं कापत नव्हते. संध्याकाळी दोधू दारात आला की भटू एकदा वर बघे आणि पुन्हा खाली. तिला वाटे, आज आला का, हे तो पाहतो. तिला वाटे, हा मोजतो आहे. एका छपराखाली अशा विचारानं राहणं म्हणजे काय, ते माझ्यानं सांगवत नाही.

तरीही तिनं आणखी एकदा प्रयत्न केला. शब्दानं झालं नाही तर वस्तूनं. एका सकाळी तिनं दोधूचा तो सदरा ऐरणीवर पसरून ठेवला, भोकं वर दिसतील असा, आणि दाराआड उभी राहिली. भटू आला. सदरा उचलला, उजेडाकडे धरला, भोकं पाहिली. पत्र्याला तापलेला डाख लावताना त्याच्या स्वतःच्या प्रत्येक कपड्याला अशीच भोकं पडलेली असत. घरात जुनं कापड निघालं की धनुबाई ते असंच ऐरणीवर ठेवायची, पुसायला चिंधी म्हणून. त्यानं सदरा दोन्ही हातांनी फाडला, एक तुकडा खुंटीला लावला आणि दुसऱ्यानं ऐरण पुसायला घेतली.

पत्रा फाटावा तसा तो आवाज आला, ती आईला सांगायची. त्यानंतर तिनं घरात कुणाला काही सांगितलं नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, इंजिन थांबलं. ती दारात आली. धुक् धुक् पुन्हा सुरू झालं नाही. मग जिनिंगच्या बाजूला धूर दिसला, काळा नाही, कापसाचा असतो तसा पिवळट पांढरा, जड. ती चपला न घालता निघाली. रस्त्यातच तिला दिवाल्या भेटला. हा अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला, हंगामाला उतरून कापसाच्या पाट्या वाहायचा, दोधूबरोबर भाकरी खायचा. त्याच्या हातांची कातडी सोलली होती. तो तिला आपल्या बोलीत काही सांगत होता आणि तिला ते समजत नव्हतं, पण तो तिला पुढं जाऊ देत नव्हता, एवढं समजलं.

झालं होतं ते इतकंच. चिरा रुंदावल्या होत्या. ठिणग्या बाकाजवळच्या तेलकट चिंध्यांवर पडल्या, भिंतीवर बसलेल्या कापसाच्या धुळीनं पेट घेतला, आणि खोलीला दार एकच. दोधू आधी इंजिन बंद करायला वळला आणि मग दाराकडे. दिवाल्यानं त्याला ओढून काढलं. तिसऱ्या दिवशी दोधू गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता. बाप खाटेशी येऊन उभा राहिला तेव्हा त्यानं ओठ हलवले आणि भटू त्याच्या तोंडावर वाकला, पण भाजलेल्या ओठांवरून कुणाला काय कळणार.

दिवस झाल्यानंतर जालमसिंगनं भंगाराबरोबर ते कोपर आणून ओट्यापाशी टाकलं. भटूनं ते उचलून मांडीवर घेतलं. मग त्यानं आत हात घातला. मनगटाच्या पुढं गेला नाही. तेव्हा त्यानं कातर घेतली, कोपर पाठीवरून उभं कापलं, आणि दोन्ही हातांनी उलगडलं. प्रत्येक शिवणीच्या पोटात, एकाच जागी, फाटलेली चीर होती. त्यानं ती चीर नेऊन ऐरणीच्या टोकाला लावली. खोकेत बरोबर बसली.

तो उठून घरात आला. कौसाबाई कोपऱ्यात होती. ती पदर ओढून उठायला लागली, तर तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. सासरा सुनेपुढं असा जमिनीवर बसत नाही. त्यानं विचारलं, "तुन्हा हात आतमा व्हता. तुले लागनं नही का?"

तेव्हा तिचा बांध फुटला. इतके दिवस साठलेलं सगळं ती पदराआडून बोलली. तीनदा वाजवलं ते, गाडीशी उभी राहून सांगितलं ते, त्यानं बघून गाठ आवळली ते, सदरा फाडला ते. पोटच्या पोराला जाळलंत, म्हणाली. तो नुसता तिच्या पदराकडे टक लावून बघत राहिला, गाडीशी बघितलं होतं तसंच. ती थकून थांबली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "बेटा, पदर काढ. तू काय बोली ऱ्हायनी ते माले दिसत नही."

तिला उमगेना.

"माले ऐकू येत नही," तो म्हणाला. "मोगरीनी कान खाई टाकात. तुन्हा ठोका पत्रामाईन हातले समजस. तुन्ही सासूले माहीत व्हतं. लोकेसना मी तोंड देखस, त्यावरथीन समजस. तुन्हं तोंड मी कधी देखंच नही."

घरात राहणाऱ्या पोरालाही हे कळलं नाही, हे मला फार दिवस खोटं वाटत असे. आता वाटत नाही. घरातल्या माणसाच्या तोंडाकडे कोण बघतं? बहिरा लोहार म्हटलं की गिऱ्हाईक फसवतं, काम दुसरीकडे जातं, म्हणून त्यानं झाकलं, आणि धनुबाईनं झाकायला मदत केली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार, पण भांडं लपवता लपवता ताक सांडलं.

कौसाबाईनं पदर डोक्यावरून मागं टाकला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं आणि त्यानं पहिल्यांदा एकमेकांना समोरासमोर, उघड्या तोंडानं पाहिलं. मघाशी बोललेलं सगळं तिच्या तोंडून पुन्हा निघेना. ती एवढंच म्हणाली, "मी सांगं व्हतं, आबा. गाडीजोडे."

त्यानं तिच्या ओठांकडे पाहिलं. आपण चुकीचं वाचलं असेल, अशी आशा त्याला असावी, कारण तो म्हणाला, परत सांग. तिनं परत सांगितलं. मग त्याचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं.

"मी देखं व्हतं तुले," तो म्हणाला. "माले वाटनं, पाणी देऊ का असं तू पुसी ऱ्हायनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ऐरण ठोकळ्यासकट ओट्यावर उजेडात आणली आणि कानस कौसाबाईच्या हातात दिली. ज्यानं खोक पाडली तो घासायला येणार नव्हता. ती समोर बसून घासू लागली, आणि दर थोड्या वेळानं थांबून त्या टोकावरून आपलं मधलं बोट फिरवी. पाणी भरायला निघालेल्या बायकांनी वळून पाहिलं. नुकताच नवरा गेलेली सून, डोक्यावर पदर नाही, सासऱ्याच्या तोंडासमोर तोंड करून ओट्यावर बसली आहे. गल्लीनं त्या सकाळी तेवढं पाहिलं आणि तिला नाव ठेवलं. ती मात्र एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवत, त्याला सांगत होती की बोटाला अजून लागतं आहे, आणखी थोडं घासावं लागेल.